खात्री करून घेणाऱ्या मॅडम

मॅडमचा मला पहिल्याच दिवशी संशय आला आणि त्यांना माझा. पुढे आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

नगरला स्टँडजवळच्या एका बोळात खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर त्यांचं ऑफिस. मी समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते. बाळंतपणाच्या आगेमागे बाईच्या मनाला काय काय होऊ शकतं आणि त्याची झळ लेकराला किती लागते, याचं संशोधन जिल्ह्यात चाललं होतं. मॅडम मानसोपचाराच्या डॉक्टर, पुण्याहून आलेल्या, आणि हे सगळं काम त्यांच्या हाताखाली. गावोगाव फिरून आयांना प्रश्न विचारायला त्यांना एक मुलगी हवी होती. आधीची लग्न होऊन नाशिकला गेली होती.

"खेड्यातल्या बायकांशी बोलता येतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशावरून?"

मी म्हटलं, मी कोल्हारची, वडील तिथेच मास्तर होते, लहानपण सगळं गावातच गेलं.

"म्हणजे मास्तरांची मुलगी. तुझ्यासमोर बायका नीटनेटकं बोलणार. अवघड आहे," असं म्हणून त्यांनी मला नोकरी देऊन टाकली. घरी येऊन मी आईला सांगितलं की काम बरं दिसतंय, पण बाई म्हणजे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे.

मला खटकायचं ते हे, की एवढी शिकलेली बाई पुण्यातला चालता दवाखाना सोडून पाथर्डीच्या उन्हात दुसऱ्यांच्या बाळंतिणी शोधत कशाला हिंडते? आमच्या शेजारच्या काकांचं मत ठाम होतं. ते म्हणायचे, ही औषध कंपनीची असणार, नाहीतर आपल्या बायकांची माहिती परदेशात विकत असणार. मी मॅडमना एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, पुण्यातल्या गर्दीला कंटाळले. महिन्याभराने परत विचारलं तर म्हणाल्या, इथली कोरडी हवा दम्याला चांगली. पुन्हा विचारलं तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला कोणी विचारायला सांगितलंय?" खरं कारण मला आजतागायत कळलेलं नाही.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. हॉटेलात चहा आला की आधी वास घ्यायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, मी प्यायले की मग स्वतः प्यायच्या. तिसगावच्या बाजारात घेतलेली मेथी दुसऱ्या बाईकडच्या तराजूवर तोलून बघायच्या आणि त्या बाईने शिव्या घातल्या तर खूश व्हायच्या. गाडीचं दार लावून पंधरा पावलं जायच्या आणि परत येऊन ओढून बघायच्या. ड्रायव्हरकाकांनी पत्ता विचारला आणि दोन माणसांनी एकच रस्ता दाखवला तरी तिसऱ्याला विचारायला लावायच्या. काका वैतागून म्हणायचे, "मॅडम, दोघं बी तेच म्हनले की." मॅडम म्हणायच्या, "दोघांनी आधीच ठरवलं असलं तर?"

आमच्या कामात सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर म्हणजे 'बरं हाय'. झोप लागते का, बरं हाय. मन लागतं का, बरं हाय. मी ते मुकाट्याने लिहून घ्यायची. मॅडमना त्याचा मनस्वी राग. संध्याकाळी ऑफिसात माझे कागद चाळता चाळता त्या चष्मा काढून म्हणायच्या, "रात्रभर पोर रडतंय, दिवसभर कांद्यात वाकायचंय, नवरा बोलत नाही, आणि हिचं सगळं बरं? ही बाई आहे का दगड?" मग दुसऱ्या दिवशी गाडी त्याच घरी.

त्या गेल्या की घरात खुर्ची पुढे यायचीच. मॅडम खुर्चीवर कधीही बसल्या नाहीत. जमिनीवर बसायच्या, आणि तेही आईकडे अर्धवट पाठ करून, बाळाच्या समोर. प्रश्न विचारायचे मी, आणि ह्या बाळाकडे बघत राहायच्या. सुरुवातीला मला वाटलं, ह्यांना लोकांशी बोलायचंच जमत नसावं. मग एकदा गाडीत त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आई खोटं बोलेल. सासू खोटं बोलेल. तूसुद्धा बोलतेस, मी बघितलंय. तान्ह्या लेकराला अजून कोणी शिकवलेलं नसतं." बघून झालं की हात धुवायला म्हणून उठायच्या. घरातली मोरी नेहमी मागे असते, आणि तिथवर जाताना सगळं घर दिसतं. त्यांचे हात दिवसातून किती वेळा धुऊन व्हायचे याला सुमार नव्हता.

एका गावात तर आम्हाला लोकांनी अडवलं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असं काहीतरी सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं, आणि आम्ही तर दारोदार तान्ही बाळंच विचारत होतो. गाडीभोवती माणसं जमली. ड्रायव्हरकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडम मात्र खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत. विचारायलाच पाहिजे." एकाने त्यांचं ओळखपत्र मागितलं. त्यांनी ते दिलं आणि वर म्हणाल्या, "पण ह्याच्यावरच्या नंबरला फोन करू नका. हे कार्ड मीच छापलेलं असलं तर? नंबर तुमचा तुम्ही शोधा." तो माणूस गोंधळून त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी पोलीस पाटलांनी तालुक्याला फोन लावून खात्री केली आणि आम्हाला चहा पाजला. मॅडमनी आधी वास घेतला.

त्या कधी चुकायच्या नाहीत असं मात्र मुळीच नव्हतं. कोल्हारजवळ नदीकाठच्या एका घरात एक हसरी बाई होती. मॅडमना तिच्या हसण्यावर भरवसा नव्हता. "एवढं कोण हसतं?" म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा जात राहिलो. शेवटी ती बाईच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, माजं खरंच झ्याक चाललंय वो. आता काय तुमच्यासाठी रडून दावू?" परतताना मॅडम बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत होत्या. मग म्हणाल्या, "असतात अशाही." चुकल्याचं दुःख त्यांना झालं होतं, असा माझा संशय आहे.

तिसगावच्या पुढची वस्ती मात्र मी विसरणार नाही.

थंडीचे दिवस होते. आमच्या यादीतली एक पोर दिवाळीच्या सुमाराला बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत, पण हिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. माहेरच्या घराला कुलूप. म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. आम्ही दोघींनी तिला आधी पाहिलेलं नव्हतं. नाशिकला गेलेल्या मुलीने ती गरोदर असताना भेट घेतली होती, तेवढीच. गाडीत मॅडम म्हणाल्या, "माहेर बंद आहे. आज नीट बघायचं."

घर खाऊनपिऊन सुखी. विहीर, गाई, दारात ट्रॅक्टर. सासू उंच, डोक्यावरून पदर, बोलणं तुटक. तिने "या, बसा" म्हटलं आणि आत बघून हाक मारली. एक बाई कडेवर बाळ घेऊन बाहेर आली, टापटीप, अंगाने भरलेली. मी प्रश्न सुरू केले.

"झोप लागते का?"

"लागती की."

"जेवण जातं?"

"दोन भाकरी खाते."

"कधी उगाच रडू येतं का?"

"कशाला यील?"

मी खुशीत लिहून घेत होते. मॅडम खाली बसून बाळाकडे बघत होत्या. बाळ किरकिरायला लागलं आणि तोंडाने पदर चाचपायला लागलं. तिने त्याला खांद्यावर घेतलं. ते पुन्हा खाली सरकलं, तिने पुन्हा वर घेतलं.

"भूक लागलीय त्याला," मॅडम म्हणाल्या. "पाजा तुम्ही. आम्ही थांबतो."

ती लाजली. "आत जाऊन पाजते," म्हणाली आणि गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परक्यांसमोर कोण पाजेल? मॅडमनी मात्र माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. आतून रडणं येतच होतं. मग वाटीवर चमचा वाजला आणि रडणं थांबलं.

"हिला दूध कमी आहे का?" मॅडमनी सासूला विचारलं.

"न्हाई. लई हाय."

"मग वाटी-चमचा?"

"सवय लावतोय."

"मला हात धुवायचेत," मॅडम म्हणाल्या.

घरामागे मोरी, मोरीपलीकडे गोठा, गोठ्याला लागून एक खोली. खोलीला बाहेरून कडी आणि कडीत लाकडाची खुंटी. दाराशी दगडावर एक ताट, वर दुसरं ताट झाकलेलं.

"ह्या खोलीत काय आहे?"

"कडबा," सासू म्हणाली.

"आणि हे ताट?"

"गड्याचं हाय. यील आता."

मॅडमनी वाकून झाकण उचललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरातलं ताट उघडून बघायचं म्हणजे काय? ताटात भाकरी होती, मेथीची भाजी होती आणि बाजूला डिंकाचा लाडू.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "गड्याला बाळंतिणीचा लाडू घालता?"

बोलली ती मागे बाळ घेऊन उभी असलेली बाई. "आत्याबाई, सांगा आता. माज्याच्यानं हुत न्हाई." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मी थोरली सून. पोराची आई आत हाय, माजी धाकली जाऊ." माझ्या हातातला कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यावरची सगळी उत्तरं भलत्याच बाईची होती.

थोरलीने कडी काढली. आत बाजेवर एक विशीतली पोर बसली होती, केस मोकळे, डोळे टक्क उघडे, दाराकडे लागलेले. आम्हाला बघून ती घाईघाईने कुजबुजली, "बदललंय त्यांनी. माजं बाळ बदललंय."

"बगा, आसं बोलती," सासूचा आता बांध फुटला. "झोपत न्हाई, खात न्हाई, भितीशी बोलती. ह्ये माजं न्हाई, नेऊन टाका म्हनती. पोराच्या जिवाचं काय झालं मंजी? आन गावात कळलं तर येडी म्हनतील. एकदा येडी म्हनलं की जल्मभर येडीच. म्हून आमी कुनाला बोललो न्हाई."

त्या पोरीला आजवर सगळ्यांनी एकच सांगितलं असणार, की असं काय बोलतेस, तुझंच आहे. मलाही तेच म्हणायचं होतं. मॅडम दाराजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "कशावरून?"

पोरगी दचकली. बहुतेक हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. "वास येगळा येतोय त्याचा," ती म्हणाली.

"वास वेगळा आला तर मलाही शंका आली असती. खात्री करून घ्यायलाच हवी. पण कितीतरी दिवस तुमचा डोळा लागलेला नाही. झोप नसलेल्या माणसाला डोळे फसवतात, नाक फसवतं. आधी झोप होऊ दे, मग तुम्ही स्वतः बघा. मी सोबत असेन."

"कुटं?"

"नगरला, दवाखान्यात."

"तितं कडी आतनं हाय का?"

"आतून नाही," मॅडम म्हणाल्या. "पण बाहेरूनही नाही."

पोरगी उठली. माझा मॅडमवरचा संशय कुठे कमी झाला असेल तर तो तिथे. सगळ्या जगावर अविश्वास दाखवणारी ही बाई त्या खोलीत त्या पोरीला एकटी आपली वाटली, आणि मॅडमनी तिला एक शब्दही खोटा सांगितला नाही.

नवरा शेतातून धावत आला. मॅडमनी त्याला आणि सासूला अंगणातच समजावलं. बाळंतपणानंतर क्वचित एखाद्या बाईला हा आजार होतो, तिची त्यात काही चूक नसते, औषधाने ती बरी होते. पण असंच ठेवलं तर तिच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. नवरा लगेच तयार झाला. सासूही तयार झाली, पण एका अटीवर.

"पोरगं येनार न्हाई."

"बाळ बरोबर हवं," मॅडम म्हणाल्या. "एकटं नाही सोडणार तिच्यापाशी. सतत कोणीतरी जागं राहील, मी स्वतः राहीन. पण तिच्या नजरेसमोर हवं."

"तुमी डाक्टर हात. पोरगं आमचं हाय."

मॅडम आणखी खूप बोलल्या. सासू हलली नाही. थोरली दारात बाळाला थोपटत उभी होती आणि कोणाकडे बघत नव्हती. आम्ही निघालो, बाळ राहिलं. त्या दिवशी मॅडमनी गाडीचं दार ओढून बघितलं नाही.

दवाखान्यात पोरगी आधी नुसती झोपली. मग जेवायला लागली. भिंतीशी बोलणं कमी झालं. मग एका सकाळी ती उठून बसली, चोळी दुधाने ओली झालेली, आणि तिने मला विचारलं, "त्यो कुटं हाय?" बदललेला की खरा, हे ती म्हणाली नाही. मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने आईकडे बघितलं, आणि आई म्हणाली, "बगू."

हे 'बगू' रोज चाललं. मॅडमना मी कधी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "ही बरी होईल," त्या मला म्हणाल्या, "त्याची मला काळजी नाही. पण आणखी काही आठवडे गेले तर बरी होऊन ही पाहुणीसारखी घरी जाईल. बाळ दुसरीचं झालेलं असेल. मग पुन्हा आजारी पडायला वेगळं कारण नको." सासूला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आईचा सहवास, दूध, बाळाच्या मनाची वाढ, सगळं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बगू." मला तर तिची चीड यायला लागली होती. मला वाटायचं, नातू हातात ठेवून सून वाऱ्यावर सोडायचा हिचा डाव आहे.

एका दुपारी म्हातारी वॉर्डबाहेर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी मॅडम, शेजारी मी. पोरीचा नवरा चहा घेऊन आला, आईपुढे वाकला आणि म्हणाला, "वैनी, चा घे."

तो गेल्यावर मॅडमनी विचारलं, "मावशी, तो तुमचाच मुलगा ना?"

"व्हय."

"मग वहिनी का म्हणतो?"

म्हातारीने चहा खाली ठेवला. बोलायला लागली ती समोरच्या भिंतीकडे बघत.

"मला बी कोंडलं हुतं," ती म्हणाली. "ह्योच झाला तवा. त्याच खोलीत. मला बी झोप न्हवती, मी बी कायबाय बोलायची. बाजरी पेरताना कोंडलं, काढनी झाल्यावर भाईर काढलं. तवर ह्यो माज्या थोरल्या जावंच्या कडंवर. मी घ्याया गेले तर रडायचा. परकी वाटायची मी त्याला. तिला आई म्हनाय लागला. दीर मला वैनी म्हनायचे, ह्यो बी वैनी म्हनाय लागला. समदी हसायची. मी बी हसायची."

मी मॅडमकडे बघितलं. आता त्या विचारणार, कशावरून? त्यांनी विचारलं नाही. त्या नुसत्या ऐकत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जाऊ गेली, तवा आई गं म्हून तिच्या अंगावर पडून रडला," म्हातारी म्हणाली. "मी शेजारीच हुबी हुते." तिने पदराने तोंड पुसलं. "मी बरी झाले की वो. कोंडल्यानंच बरी झाले, आसं मला वाटत हुतं. म्हून हिला बी."

आत वॉर्डात कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं आणि पोरगी खाटेवरून उठून दाराकडे यायला लागली. म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग माझ्यापुढे हात केला आणि म्हणाली, "थोरलीला फोन लाव."

मी लावून दिला. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"पोराला घिऊन ये नगरला," ती म्हणाली. पलीकडून थोरली काहीतरी विचारत होती. रडतही असावी. "व्हय, आजच. उद्या न्हाई. ती काय बी म्हनू दे, आनून तिच्या मांडीवर दे. मी बसते जवळ." आणि मग आवाज खाली आणून, जावेशी बोलावं तशी ती सुनेशी बोलली, "वाईट वाटू दिऊ नगं, बाई. पन त्याला तुज्या अंगाची सवय लागायच्या आत ये."